तयार प्रीसेट आणि कामगाराचा डोळा



कामगार चळवळीतल्या माणसाने फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु लग्नाचे फोटो सुधारणारी काही मुले आमच्याकडे आली. त्यांना मजुरी फोटोमागे मिळते. मालकाने तयार प्रीसेटांचा संच विकत आणला आणि सांगितले, "आता नुसते बटण दाबायचे आहे, दर निम्मा." हे बटण आहे तरी काय, ते समजून घेतल्यावाचून मागणीपत्र लिहिता येईना. तेव्हा आम्ही त्या मुलांशेजारी बसून ते शिकलो. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला असे शिकण्याची सवय असते.

प्रीसेट ही जादू नव्हे. ॲडोबी कंपनीचे लाइटरूम हे सॉफ्टवेअर २००७ साली बाजारात आले. त्यात उजेड, सावली, रंग कमीजास्त करणारे स्लायडर आहेत. कोणी तरी ते एका फोटोवर आपल्या पसंतीने सरकवतो, ते आकडे एका नावाखाली जपून ठेवतो, आणि झाला प्रीसेट! २०१८ पासून त्याची फाइल एक्सएमपी या प्रकारची असते. ती उघडून पाहिली तर आत निव्वळ मजकूर आणि आकडे. म्हणजे बटणामागे एका माणसाची नजर आहे. ती नजर कोठल्या उजेडात, कोणाच्या चेहऱ्यावर खिळली होती, हे मात्र पाकिटावर लिहिलेले नसते.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना एक नमुनाचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या कातडीची एक स्त्री असे. तिला 'शर्ली' म्हणत. तिचा चेहरा ठीक उमटला की यंत्र ठीक लागले असे समजत. सावळ्या माणसांचे चेहरे मग काळवंडून निघत. लॉर्ना रॉथ या कॅनडातील विदुषीने हा इतिहास लिहिला आहे. तिने नोंदवलेली एक गोष्ट आम्हांस विसरता येत नाही: तक्रारींचा परिणाम झाला तो चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या, कारण जाहिरातीत त्यांचे तपकिरी रंग नीट येत नव्हते. माणसांच्या आधी कपाटांची दाद लागली!

आता आपल्या हळदीकडे या. मांडवात सगळे पिवळे. आपोआप रंग सावरणाऱ्या यंत्रणेला वाटते, उजेडच पिवळा आहे. ती निळा रंग मिसळते आणि हळद फिकी पडते. लाइटरूममध्ये रंगांचे आठ गट वेगळे हलवता येतात. आपल्या कातडीचा रंग बहुतांशी नारिंगी गटात येतो. बाजारचे पुष्कळ प्रीसेट नारिंगीची उजळी वाढवतात आणि हिरवा मारून टाकतात. परिणामी नवरी गोरी होते आणि तिचा हिरवा चुडा शेवाळी दिसतो. गिऱ्हाइकाला हेच हवे असते, असे मालक म्हणतात. काहींना हवेही असेल. परंतु आपल्या मुलीचा रंग बदलून मिळावा असे न सांगणाऱ्या आईबापांनाही तोच माल मिळतो, याला आमची हरकत आहे.

उपाय त्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. आधी प्रीसेट लावावा आणि रंगांच्या गटांत काय बदलले ते पाहावे. २०२२ पासून प्रीसेटचा जोर कमीजास्त करण्याचा स्लायडर मिळतो, पण त्यावर फार विसंबू नये. जोर निम्मा केला तरी दिशा तीच राहते. नारिंगी आणि हिरवा स्वतः जागेवर आणून नव्या नावाने जतन करावे. जतन करताना एक यादी समोर येते आणि प्रत्येक बाबीपुढे खुणेचा चौकोन असतो. खरी कारागिरी येथे आहे. एकूण उजेड आणि पांढऱ्या रंगाचा समतोल यांच्या खुणा काढून टाकाव्या, कारण त्या गोष्टी दर फोटोला निराळ्या असतात. आणखी एक खोच मुलांनी आम्हांस दाखवली. खूण असलेल्या बाबीचा आकडा शून्य असला, तरी ते शून्यही हुकूमच असते. आधी हाताने केलेले काम ते पुसून टाकते. मग दुपारचा मांडव, हॉलमधले रात्रीचे दिवे, फ्लॅशचे फोटो अशा निरनिराळ्या उजेडात तो प्रीसेट लावून पाहावा, आणि हळदीचा वेगळाच ठेवावा.

एवढे करायला वेळ लागतो, आणि त्यानंतरही प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घालावा लागतो. म्हणून दर निम्मा करणे आम्हांस मान्य नाही. प्रीसेट जुळवण्याच्या कामाला तासावर मजुरी मिळावी, फोटोमागचा दर तपासणीचा वेळ मोजून ठरावा, आणि कामगाराने बसवलेला प्रीसेट त्याच्या नावाने राहावा व नोकरी सोडताना त्याची प्रत त्याला नेता यावी, अशा तीन मागण्या आम्ही दिल्या आहेत. तिसरीवर मालक सर्वांत जास्त चिडले. पहिलीवर बोलणी चालू आहेत. ती मुले आज दुसऱ्या रांगेत बसली आहेत. स्लायडरांविषयीचे प्रश्न त्यांना विचारावेत, मजुरीविषयीचे आम्हांस.