आंबेडाळ आणि पन्हें

(नभोवाणीवरील भाषण)



चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि वैशाखांतील अक्षय्य तृतीयेपर्यंत ती आपल्या घरीं माहेरवाशीण म्हणून राहते. या महिन्याभरांत सोयीचा एखादा दिवस पाहून शेजारणीपाजारणींना बोलवावयाचें, त्यांच्यापुढें आंबेडाळ, पन्हें, कलिंगडाची फोड ठेवावयाची आणि भिजविलेल्या हरभऱ्यांनीं ओटी भरावयाची, ही चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत अजून चालू आहे. गौरीपुढची आरास, अंगणांतलें चैत्रांगण, मोगऱ्याचे गजरे यांविषयीं आज मी बोलणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें ताटलींतल्या दोन पदार्थांविषयीं, आणि ते करणाऱ्या हातांविषयीं.

हे पदार्थ चैत्रांतच कां, याचें उत्तर पोथीपेक्षां बाजारांत लवकर सांपडतें. रब्बीचा हरभरा फाल्गुनाच्या सुमारास घरांत आलेला असतो आणि त्याची नवी डाळ याच वेळीं तयार होते. कैरी झाडाला लागलेली असते, पण पिकावयास अवकाश असतो. गुऱ्हाळांचा हंगाम नुकताच सरत आलेला असल्यामुळें गूळहि नवा मिळतो. जें त्या महिन्यांत विपुल तेंच पाहुणीपुढें ठेवावयाचें, असें हें साधें आतिथ्य आहे. त्यांत तळण नाहीं आणि चुलीपुढें फार वेळ बसणेंहि नाहीं. उन्हाळ्याच्या दुपारीं स्वयंपाकघरांत उभ्या राहणाऱ्या बाईच्या दृष्टीनें ही सोय लहान नव्हे. कर्नाटकांत रामनवमीला पानक आणि कोसंबरी देतात. पानक म्हणजे सुंठ, मिरीं, वेलदोडे घातलेलें गुळाचें पाणी, आणि कोसंबरी म्हणजे भिजविलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर. आपल्या डाळ-पन्ह्याचीं हीं जवळचीं भावंडें दिसतात. ऋतु एक, गरज एक, म्हणून उपायहि एकासारखा एक. अलीकडे शहरांत या ताटलींत बटाटेवडा येतो, बर्फी येते, आइस्क्रीमहि येतें, आणि बिचारी डाळ चमचाभर कोपऱ्यांत बसते. यजमानीण दमते ती वड्यांनीं आणि पाहुण्या आठवण काढतात ती डाळीची.

तेव्हां प्रथम डाळच घेऊं. पंचवीस जणींना पुरावयाची तर अर्धा किलो, म्हणजे नेहमींच्या वाटीनें अडीच ते तीन वाट्या हरभऱ्याची डाळ घ्यावी. ती दोन-तीन पाण्यांनीं धुऊन चार तास भिजवावी. रात्रीं भिजत घालून सकाळीं वाटण्याची संवय थंडीच्या दिवसांत ठीक आहे. चैत्रांतल्या उकाड्यांत तेवढ्या वेळांत पाण्यावर फेंस येतो आणि डाळीला आंबूस वास लागतो. दाणा नखानें दाबतांच तुटला म्हणजे डाळ भिजली असें समजावें. मग ती चाळणींत घालून अर्धा तास चांगली निथळूं द्यावी. ज्या घरांत या अर्ध्या तासाचा कंटाळा करतात त्या घरची डाळ मोकळी न होतां तिचा गोळा होतो.

वाटतांना पाण्याचा थेंबहि घालूं नये. आठ-दहा हिरव्या मिरच्या व मीठ आधीं वाटून घ्यावें आणि त्यांवर डाळ थोडी थोडी घेऊन भरड वाटावी. पाट्यावरचें वाटण आतां थोड्याच घरांत राहिलें आहे. मिक्सर वापरावयाचा तर तो एकसारखा न फिरवितां थांबत थांबत फिरवावा, नाहींतर तळाशीं पीठ आणि वर अख्खे दाणे अशी स्थिति होते. जाड रव्याहून थोडी जाड, पण अख्खा दाणा दातांखालीं येऊं नये, इतपत भरड असावी. तींत वाटीभर खवलेला ओला नारळ, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि दोन चहाचे चमचे साखर घालावी. फोडणी पाव वाटी तेलाची करावी. मोहरी, हळद, चार-पांच सुक्या मिरच्या आणि हिंग. हिंगांत हात आखडूं नये, कारण कच्ची डाळ पोटाला जड असते. ही फोडणी अगदीं निवल्यावर डाळीवर घालावी. कढत फोडणीनें डाळीचा करकरीतपणा जातो, आणि ऊन झालेलें वाटण उकाड्यांत लवकर आंबतें.

कैरीचें नेमकें माप मात्र मी सांगणार नाहीं, आणि कोणी सांगितलें तर आपण तें मानूं नये. रायवळ झाडाची कैरी आणि तोतापुरी कैरी यांच्या आंबटपणांत फार अंतर असतें. एकाच झाडाची कैरीहि पंधरा दिवसांनीं निराळी लागते. दोन वाट्या कीस जवळ घेऊन बसावें. त्यांतला एक वाटी मिसळून चव पाहावी आणि मग मूठमूठ वाढवीत जावें. हें काम पाहुण्या येण्यापूर्वीं तासभर आधीं करावें, फार आधीं करूं नये, कारण मिठाशीं गांठ पडली कीं कैरीला पाणी सुटतें आणि सकाळची मोकळी डाळ दुपारीं ओली होते. ओला नारळ व कच्ची डाळ उघड्यावर फार वेळ ठेवण्यासारख्या वस्तु नव्हेतच. तयार डाळ शीतकपाटांत ठेवून थोडी थोडी बाहेर काढावी. ज्या वृद्धांना कच्ची डाळ सोसत नाहीं त्यांच्यासाठीं वाटलेली डाळ दहा मिनिटें वाफवून, हातानें मोकळी करून, मग तींत कैरी घालावी. चव थोडी उतरते हें खरें, परंतु आजीबाईंना नुसती बाजूला बसून इतरांचें खाणें पाहावें लागत नाहीं.

आपल्यापैकीं कित्येकींना प्रश्न पडला असेल कीं, मापें सांगतां सांगतां ही बाई मध्येंच अंदाजावर कशी आली? मराठींतल्या पाकपुस्तकांचा इतिहास म्हणजे एका अर्थीं याच प्रश्नाचा इतिहास आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचें. त्या काळचीं मापें शेर, पावशेर, तोळे यांचीं, आणि शेर तर गांवोगांवीं निराळा. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापांचा पाया घातला गेला, तरी घरांत वजनकांटा घेऊन फोडणी कोण करणार? कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० सालीं वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं आणि नव्या सुनांची मोठी अडचण दूर केली. माझी वाटी आणि तुमची वाटी निराळी असेना कां, एकाच वाटीनें सगळें मापलें म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. हा त्यांतला शहाणपणा. परंतु डाळ आणि नारळ वाटीनें मोजतां येतात, तसा कैरीचा आंबटपणा मोजतां येत नाहीं. तो दाखवावा लागतो. यासाठीं पदार्थाची कृति मागतांना “किती घालूं?” एवढेंच विचारून थांबूं नये. “झालें हें कशावरून ओळखूं?” असेंहि विचारावें. दाणा नखानें तुटतो, वाटतांना खरखर आवाज येतो, मुठींत दाबली तर गोळा होतो पण पाणी सुटत नाहीं, या खुणा ज्या बाईच्या हाताला ठाऊक असतात तिच्या शेजारीं एकदां उभें राहिल्यावांचून त्या मिळत नाहींत.

आणि ती बाई कोठें असते? माझ्या माहेरीं ती आंत असे. आमच्या आत्याबाई लहान वयांत विधवा झालेल्या. पहांटे उठून डाळ धुणें, दुपारीं पाट्यावर वाटणें, कैऱ्या उकडणें, सगळें त्यांच्याकडे. बाहेर ओसरीवर हळदकुंकू चालू झालें कीं त्या स्वयंपाकघराचें दार लोटून घेत. पाहुण्या म्हणत, “यंदाहि डाळ फारच सुरेख झाली हो!” आणि घरचें कोणीतरी उत्तर देई, “घरचीच आहे.” एके वर्षीं शेजारच्या काकूंनीं रिकामी वाटी हातांत घेतली, त्या सरळ आंत गेल्या आणि म्हणाल्या, “आत्याबाई, बाहेर कोणाला नीट सांगतां येत नाहीं. तुम्हीच सांगा.” आत्याबाई प्रथम दाराकडे पाहूं लागल्या. मग त्यांनीं पाट्यापाशीं जागा करून दिली. मिरची मिठाबरोबर आधीं वाटावी आणि फोडणी निवल्याशिवाय डाळीस लावूं नये, या आज मीं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्या दिवशींच्या आहेत. मला त्या आयत्या मिळाल्या, कारण मी तेव्हां काकूंचा पदर धरून उभी होतें.

विधवांना शिकून स्वतःच्या पायांवर उभें राहतां यावें म्हणून धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें, नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनींहि तसेंच करावें, असें राज्य शासनानें त्याच महिन्यांत परिपत्रकानें सुचविलें. या दोन सालांमध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे. शहरांतल्या सुशिक्षित घरांतून आतां कोणी कोणाला दार लोटून बसावयास सांगत नाहीं, हें मला मान्य आहे. फक्त बोलावणें करतांना एक नांव गाळलें जातें आणि तें गाळलें गेलें याची वाच्यताहि होत नाहीं. कुंकवाचा विधि ज्यांना करावयाचा त्यांनीं तो अवश्य करावा. परंतु डाळ आणि पन्हें यांवर विधीची मालकी कोणी सांगितली? तें उन्हांतून आलेल्या माणसाचें आतिथ्य आहे. “अमक्या दिवशीं आमच्याकडे डाळ-पन्हें आहे, या,” एवढेंच बोलावणें केलें, तर त्यांत वरच्या मजल्यावरच्या आजी येतात, अविवाहित शिक्षिका येतात, शेजारच्या ख्रिस्ती किंवा मुसलमान घरच्या बाई येतात, आणि रोज भांडीं घासावयास येणाऱ्या बाईलाहि त्या दिवशीं ताटली उचलण्याआधीं हातांत घेतां येते. हळदकुंकू नको म्हणणारीला कोणी आग्रह करूं नये. हवें म्हणणारीला, मग ती कोणीहि असो, लावावें. आमच्या आत्याबाईंसारख्या कोणी आपल्या घरांत असतील, तर पहिली वाटी त्यांच्या हातांत देऊन मीठ पाहावयास सांगावें, आणि पाहुण्यांसमोर त्यांचें नांव घ्यावें.

आतां पन्हें राहिलें. एक किलो घट्ट कैऱ्या पंचवीस पेल्यांना पुरतात. त्या सालीसकट उकडाव्या, निवल्यावर साल काढून गर कुस्करावा आणि गाळून घ्यावा. जितका गर निघेल त्याच्या दीडपट ते दुप्पट चिरलेला गूळ. येथेंहि कैरी चाखूनच ठरवावें. दोन चहाचे चमचे मीठ, वेलदोड्याची पूड, आणि ऐपत असेल तर केशराच्या चार काड्या. मीठ कमी करूं नये. घामावाटें तें शरीरांतून जात असतें आणि गुळाची गोडीहि त्यानें खुलते. साखरेचें पन्हें दिसावयास नाजूक, पण मला विचाराल तर गुळाचेंच खरें. कैरी निखाऱ्यावर भाजून केलेल्या पन्ह्याला धुराचा एक सुंदर वास असतो. तें करावयाचें तर वेलदोडा वगळून भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, दोन्हींची गर्दी करूं नये. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. हा गर कल्हई गेलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत क्षणभरहि ठेवूं नये, कारण आंबटानें धातु विरघळून गरांत उतरतो आणि तो विषारी असतो. हौसेनें जुनीं भांडीं काढणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. चिनी मातीची बरणी किंवा कांच उत्तम. देतेवेळीं पेल्यांत तीन मोठे चमचे गर घालून माठांतलें पाणी ओतावें. बाजारचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे अशी खात्री नसेल तर तो घालूं नये. वाळा टाकलेलें माठाचें पाणी त्याहून चवदार लागतें.

ओटींतल्या हरभऱ्यांची घरोघर थोडी उपेक्षाच होते. चार ठिकाणीं जाऊन आलेल्या बाईच्या पिशवींत संध्याकाळीं दोन वाट्या भिजलेले हरभरे सांपडतात आणि उकाड्यानें ते चिकट होऊं लागलेले असतात. आल्याबरोबर ते धुऊन फडक्यांत बांधावे. दुसऱ्या दिवशीं मोड येतात. मऊ शिजवून, मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, थोडा गूळ, आणि आमसुलाऐवजीं डाळीसाठीं किसतांना उरलेली कैरीची बाठ तशीच रश्शांत टाकावी. बाठेला चिकटलेला गर उसळींत उतरतो. ती बाठ कोणाच्या पानांत पडावी यावरून मुलांत भांडण होतें, म्हणून शक्य तर दोन टाकाव्या.