‘रन’ या शब्दाचे अर्थ आणि आपली शब्दार्थांची वही
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



वर्गभेटींच्या निमित्ताने मुलांच्या इंग्रजीच्या वह्या चाळण्याचा योग मला वारंवार येतो. बहुतेक वह्यांत पानाच्या मधोमध एक उभी रेघ असते; डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा एकच मराठी अर्थ. अक्षर नेटके असते, खाली शिक्षकांची सही व तारीखही असते. अशी वही पाहून मला समाधान वाटावयास हवे. परंतु प्रत्येक वेळी मला माझाच एक अपराध आठवतो.

मी नोकरीस लागलो त्या काळी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. माझ्या वर्गात एक अबोल, पण अत्यंत कष्टाळू मुलगा होता. एके दिवशी ‘द टॅप इज रनिंग’ या वाक्याचा अर्थ मी त्यास विचारला. तो उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “नळ पळत आहे.” वर्ग हसला. खेदाची गोष्ट ही की, सर्वांत मोठ्याने मी हसलो. सायंकाळी वह्या तपासताना त्याची वही हाती आली. ‘रन – पळणे’ हे त्याने दहा वेळा लिहिले होते, आणि ते मीच लिहावयास सांगितले होते. मुलाने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. त्या वर्षी त्याने इंग्रजीच्या तासाला पुन्हा आपण होऊन हात वर केला नाही. चूक माझी होती, हे मी त्यास वर्गासमोर सांगावयास हवे होते. ते मी सांगितले नाही.

आता या ‘रन’ शब्दाकडे नीट पाहू. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे कोशकारांनी ‘रन’ची नोंद नव्याने सिद्ध केली, तेव्हा केवळ क्रियापदाचेच 645 अर्थ भरले, असे 2011 साली प्रसिद्ध झाले. तीन अक्षरांचा हा शब्द, आणि आपण त्यास वहीत अर्धी ओळ देतो!

मुलगा ‘रन’ होतो तेव्हा तो पळतो; नदी ‘रन’ होते तेव्हा ती वाहते. नाक गळते, रस्ता ओढ्याच्या कडेने जातो, यंत्र चालू असते, एखादी बाई दुकान चालविते, बातमी वृत्तपत्रात छापून येते, धुतलेल्या कपड्याचा रंग दुसऱ्यास लागतो, एखादा गुण घराण्यात चालत येतो. या साऱ्या ठिकाणी इंग्रजीस हा एकच शब्द पुरतो. निवडणुकीची तर मौज आहे. अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ होतो, इंग्लंडमधला ‘स्टँड’ होतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. क्रिकेटमधील ‘रन’ला आपण ‘धाव’ म्हटले आणि ते उत्तम वठले. मात्र चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा हालला नाही तरी चार धावा मिळतात. तेथे ‘धाव’ हा शब्दही मूळ अर्थ सोडून पुढे गेला आहे.

हे अर्थ विस्कळीत वाटतात. परंतु बहुतेकांच्या मुळाशी न थांबता पुढे जात राहणे ही एकच कल्पना आहे. या शब्दाचे जुन्या इंग्रजीतील रूप पळण्यासाठी आणि पाण्याच्या वाहण्यासाठीही वापरीत. जर्मन भाषेत आज त्याच कुळातील दोन शब्द आहेत : ‘रेनेन’ म्हणजे पळणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. इंग्रजीने दोन्ही कामे एकाच शब्दावर सोपविली. नळाचे पाणी त्या शब्दात प्रारंभापासूनच होते. माझ्या वहीत तेवढे नव्हते.

समानार्थी शब्दांविषयीही आपल्याकडून असाच प्रमाद घडतो. ‘स्प्रिंट’, ‘जॉग’, ‘ट्रॉट’, ‘गॅलप’, ‘फ्ली’ या सर्वांपुढे आपण ‘पळणे’ लिहून मोकळे होतो. पण ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरासाठी सारी शक्ती लावून धावणे, ‘जॉग’ म्हणजे संथ लयीत पळणे. ‘ट्रॉट’ ही घोड्याची दुडकी चाल, तर ‘गॅलप’ ही चौखूर दौड. ‘फ्ली’मध्ये पाठीमागे भय असते. मुलांना हे समजणार नाही असे मानू नका, कारण मराठीत त्यांना ते मुळातच ठाऊक असते. शेजारी मदतीला धावला, असे आपण म्हणतो. मदतीला पळाला, असे कोणी म्हणत नाही. उलट चोर पळाला. तो धावला म्हटले की तो चोर वाटेनासा होतो. हा भेद आपण कोणत्या इयत्तेत शिकलो?

अर्थानुसार शब्द लावण्याची कल्पनाही आपणास परकी नव्हे. पीटर मार्क रॉजेट या इंग्रज वैद्याने 1852 साली आपला प्रसिद्ध समानार्थी कोश छापला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर कल्पनांनुसार मांडले. त्याच्या प्रस्तावनेच्या टीपेत आपल्या अमरकोशाचा उल्लेख आहे.

मग वर्गात करावे काय? 2000 सालापासून आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासून आहे. पहिली-दुसरीला ‘रन’ म्हणजे मैदानावरील पळणे, एवढे पुष्कळ झाले. तेथे 645 अर्थांचा धसका नको. तिसरीपासून शब्द सुटा न देता वाक्यात द्यावा आणि मुलांस एकच प्रश्न विचारावा : येथे काय किंवा कोण ‘रन’ होत आहे? नदी म्हटले की मूल आपोआप ‘वाहते’ म्हणेल, दुकान म्हटले की ‘चालविते’. वहीतील उभी रेघ पुसून टाका. शब्दाखाली वाक्य लिहू द्या आणि नवा अर्थ भेटेल तेव्हा भर घालण्यास चार ओळी कोऱ्या ठेवा. काही शिक्षक म्हणतील, परीक्षेला शब्दार्थ पाठ असावे लागतात. असावेत, पण वाक्यासह पाठ झालेला अर्थ परीक्षेतही उपयोगी पडतो, सुटा अर्थ मात्र नळाजवळ दगा देतो.

या पद्धतीचा आरंभ मराठीतून करणे मला अधिक सोयीचे वाटते. फळ्यावर ‘लागणे’ हे क्रियापद लिहा. भूक लागली, ठेच लागली, दार लागले, निकाल लागला, कुत्रे मागे लागले, ती माझी मावशी लागते. मुले थांबणार नाहीत. मग या सर्वांसाठी इंग्रजीत एकच शब्द सापडतो का, ते त्यांनाच शोधावयास सांगा. पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांनी सांगितलेली ‘लागणे’ची वाक्ये, मुलांच्याच शब्दांत, बोलीत असतील तर बोलीतच, लिहून आणावीत. माझीही वही मी घेऊन येईन.