शहराचा आवाज कोणी टिपावा?



बंगळूर शहराच्या नकाशांत रस्ते, तलाव व बागा दाखविलेल्या असतात; पहाटे त्या तलावांकाठी काय ऐकू येते, हे मात्र त्यांत नसते. बुजलेल्या तलावाची हद्द जुन्या कागदपत्रांवरून शोधता येते. तेथील बेडकांचा आवाज कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

एखाद्या ठिकाणी ऐकू येणाऱ्या सर्व आवाजांचा समुच्चय म्हणजे त्या ठिकाणची ध्वनिसृष्टी होय. कॅनडातील संगीतकार मरे शेफर व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये व्हँकुव्हरची ध्वनिसृष्टी मुद्रित करून प्रसिद्ध केली. ते काम मोजक्या जाणकारांचे होते. २००५ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या झेनो-कँटो या संग्रहाने मात्र पक्ष्यांचे आवाज पाठविण्याची मुभा सर्वांनाच दिली.

बंगळूरलाही असा लोकसहभाग अपरिचित नाही. २००७ मध्ये येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेतून 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला, आणि धोब्यासारखा पाहुणा पक्षी प्रथम केव्हा दिसला, हे सामान्य लोक कळवू लागले. लेखी नोंद बव्हंशी विश्वासावर स्वीकारावी लागते. ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकता येते व चुकलेली ओळख दुरुस्त करता येते. बंगळूरच्या परिसरातील एका बेडकाची स्वतंत्र जात म्हणून ओळख २०२० मध्ये पटली; तिला शहराचेच नाव देण्यात आले. तेव्हा आज टिपलेला अनोळखी आवाज कोणाचा, हे कदाचित पुढील पिढी सांगू शकेल.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. लोकांनी केलेल्या नकाशात लोक जेथे जातात तीच ठिकाणे ठळक दिसतात. लालबागेत फिरणारे पुष्कळ, म्हणून तेथील नोंदीही पुष्कळ होतील. शहराच्या कडेचे एखादे तळे कोरेच राहील. ते कोरेपण पक्ष्यांच्या अभावाचे की ऐकणाऱ्यांच्या, हे कसे ठरवावे?

यावरचा उपाय साधा आहे. एकच जागा निवडावी. दर महिन्यास ठराविक वेळी तेथे पाच मिनिटे स्तब्ध उभे राहून मुद्रण करावे. स्थळ, तारीख व वेळ नोंदवावी. वाहनांचा गोंगाट कापून टाकू नये, कारण तोही त्या जागेचा पुरावा आहे. पक्ष्यास बोलते करण्यासाठी त्याचा मुद्रित आवाज वाजवू नये. आणि ज्या दिवशी काहीच ऐकू आले नाही, त्या दिवसाची नोंदही जपून ठेवावी. तांबटाची टुकटुक एखाद्या झाडावरून कधी थांबली, हे अशा नोंदींवरूनच कळेल.