गारव्याचे तारण



सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गारवा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळची निर्यातीची द्राक्षे तोडणीनंतर काही तासांतच पूर्वशीतनाला, म्हणजे मालाच्या अंगातील शिवारातली उष्णता झपाट्याने काढून घेण्याच्या प्रक्रियेला न्यावी लागतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गारव्याविना दोन दिवसांतच मऊ पडू लागते. आणि धार काढताना 37 अंशांच्या आसपास असलेले दूध वेळेत 4 अंशांपर्यंत उतरवले नाही, तर उत्पादकाची मेहनत नासते. म्हणून शीतकरणाला मिळणारे अर्थसाहाय्य हा शेतकऱ्याच्या पदरात अखेर काय पडते याचा प्रश्न आहे.

हवामानस्नेही शीतकरणाला दोन बाजू असतात. यंत्रात फिरणारा शीतकारक वायू गळून वातावरणात जातो तेव्हा होणारी तापमानवाढ ही एक, आणि यंत्र चालवणारी वीज मुख्यत्वे कोळशावर तयार होत असल्याने होणारे उत्सर्जन ही दुसरी. पहिल्या बाजूसाठी जगाने पैशाची व्यवस्था लवकर केली. ओझोनच्या रक्षणासाठी 1987 मध्ये झालेल्या माँट्रियल कराराला 1990 मध्ये बहुपक्षीय निधीची जोड मिळाली आणि जुने तंत्र सोडून नवे घेताना विकसनशील देशांवर पडणारा वाढीव खर्च श्रीमंत देशांनी उचलण्याचे तत्त्व मान्य झाले. 2016 च्या किगाली दुरुस्तीने एचएफसी हे शीतकारक वायूही या चौकटीत आणले. त्यांपैकी आर-404ए या मिश्रणाची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3900 पट आहे. 2021 मध्ये दुरुस्ती स्वीकारणाऱ्या भारताला एचएफसीचा वापर 2028 मध्ये गोठवून 2047 पर्यंत 85 टक्के कमी करायचा आहे.

मात्र देशातील मोठी शीतगृहे बहुतांशी अमोनियावर चालतात आणि अमोनियाची तापमानवाढीची क्षमता शून्य आहे. तेथे खरा भार दुसऱ्या बाजूचा, म्हणजे विजेचा आहे. बेदाणा शीतगृहात तो डोळ्यांनी दिसतो. रॅकवर वाळवलेला बेदाणा खोक्यांत भरून आत जातो, कारण उष्णतेत त्याचा रंग काळवंडतो आणि रंगाबरोबर भाव उतरतो. सौद्याच्या दिवसांत माल काढण्यासाठी दार वारंवार उघडते, बाहेरची उष्ण, दमट हवा आत शिरते, तिच्यातील वाफ कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि तेवढाच गारवा टिकवायला कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. दाराचे झिजलेले रबर किंवा भिजलेले उष्णतारोधक आवरण कोणत्याही पावतीत दिसत नाही. त्याची किंमत महिनाअखेरीस वीजबिलात येते आणि पुढे भाड्याच्या रूपाने शेतकऱ्याकडून वसूल होते.

उपलब्ध साहाय्य विजेच्या या गळतीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे 3 टक्के व्याजसवलत मिळते आणि फलोत्पादनाच्या योजनांतून भांडवली अनुदानही मिळते. या योजनांमुळे शीतगृहे उभी राहिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु अनुदानाचा मुख्य हिशेब साठवणुकीच्या टनांवर बसतो. ऊर्जा वाचवणाऱ्या साधनांना योजनेत जागा असली, तरी नंतर प्रत्येक टनामागे किती युनिट जळतात यावर त्या साहाय्याचे यश मोजले जात नाही.

यावरील उपायाचे बीज याच जिल्ह्यांच्या बाजारपेठेत आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत 1990-91 पासून साठवलेल्या मालावर कर्ज देण्याची पद्धत रुजली असून बेदाणा आणि हळद हे दोन्ही माल तिच्यात येतात. ठेवलेला माल तारण होऊ शकतो, तर मोजलेली वीजबचतही तारण झाली पाहिजे. या जिल्ह्यांतील सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी दार, आवरण, कॉम्प्रेसर यांच्या सुधारणेसाठी कर्ज द्यावे, हप्ता वीजबिलातील बचतीतून फेडला जावा, आणि आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा विखुरलेल्या अनुदानांत न संपवता, बचत अपेक्षेइतकी झाली नाही तर बँकेचे पहिले नुकसान सोसणारी हमी म्हणून ठेवावा. अशा हमीमुळे बँकेची भीती कमी होईल आणि परत आलेला पैसा पुढच्या गावाच्या कामी येईल.

या व्यवस्थेत तंत्रज्ञाला मध्यवर्ती स्थान हवे. अमोनिया विषारी आहे, शीतकारक म्हणून वापरला जाणारा प्रोपेन ज्वालाग्राही आहे आणि दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडलेला जुना वायू सगळ्या बचतीवर पाणी फिरवतो. 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले, ते यासाठीच. यंत्राला मिळणाऱ्या प्रत्येक साहाय्यात ते सांभाळणाऱ्या हातांच्या शिक्षणाचा वाटा राखलेला असावा.

सांगलीजवळच्या हरिपूरने जमिनीखालच्या पेवांत विजेच्या एका युनिटाविना हळद वर्षानुवर्षे टिकवली. 2005 च्या महापुराने त्यांतील अनेक पेवे निकामी केली. हवामान बिघडले की शहाणपणाने केलेली साठवणही हातची जाते, हा त्याचा धडा आहे. येत्या हंगामापासून प्रत्येक सभासद शीतगृहाने यंत्रसामग्रीला स्वतंत्र मीटर बसवून दर टनामागील युनिटांची नोंद ठेवावी आणि ती पुढील परिषदेत मांडावी, असा ठराव या सभेने करावा. कारण तारणासाठी आधी माल मोजावा लागतो, आणि या जिल्ह्यांना मोजलेल्या मालावर विश्वास ठेवण्याची सवय फार जुनी आहे.