लिस्बनजवळचा कैदी

1961 च्या डिसेंबरात सतरावी डिव्हिजन याच बेळगावात जमली आणि घाट उतरून गोव्यात गेली. त्या विजयाने आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे मात्र सुटले नाहीत. 1955 मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले होते. शिक्षा सव्वीस वर्षांची. सालाझारच्या राजवटीच्या लेखी ते गुन्हेगार. दिल्लीचा आग्रह शांततामय मार्गाचा, त्यामुळे शस्त्र हाती घेणाऱ्यांविषयी तिकडेही संकोचच. 1962 मध्ये तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी परतले आणि रानडे काशियासच्या तुरुंगातच राहिले. देवघेवीची ती वेळ दवडली गेली, असेच म्हणणे भाग आहे.

उभय देशांत परस्परांचे वकीलही उरले नव्हते. अशा वेळी सुधीर फडके यांनी विमोचन समितीचे ओझे उचलले. (संगीतकाराला जे सुचले, ते मुत्सद्द्यांना का सुचू नये?) मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला आणि 1969 च्या जानेवारीत रानडे सुटले. त्यासाठी पोर्तुगालला आपला निवाडा चुकीचा ठरवावा लागला नाही. मध्यस्थाचे ऐकणे पुरले. दोन्ही सरकारांचे संबंध पुन्हा जुळले, ते 1974 च्या अखेरीस.