माउलींच्या दारातला फेस

(शताब्दी सोहळ्यात वाखरीच्या तळावर झालेले निरूपण)



आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षे झाली. आज वाखरीला बसलो आहोत, पंढरी हाकेच्या अंतरावर आहे. सकाळपासून जुन्या आठवणी निघाल्या, विणा कोणाच्या गळ्यातून कोणाच्या गळ्यात आला ते सांगून झाले. विणेकरी बाबांनी आम्हालाही दोन शब्द बोलायची आज्ञा केली. आनंदाच्या दिवशी गोड बोलावे अशी रीत आहे. पण आळंदीत जे पाहिले ते पोटात ठेवून पांडुरंगापुढे उभे राहणे आम्हाला जमायचे नाही. म्हणून बोलतो. कमी-जास्त झाले तर पदरात घ्या.

प्रस्थानाच्या दिवशी पहाटे आम्ही स्नानाला घाटावर गेलो. बघतो तर इंद्रायणी पांढरी! फेसाचे ढीगच्या ढीग वाहत होते. एक म्हातारी माय पायरीवर बसली होती. तिने दोन्ही हातांनी फेस बाजूला सारला, खालचे काळपट पाणी ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले आणि प्यायली. आम्ही म्हणालो, "आजी, नका पिऊ ते." ती म्हणाली, "तीर्थ हाय बाबा. तीर्थाला नको कसं म्हनू?" आम्हाला उत्तर सुचले नाही. दिवे घाट चढून गेलो तरी ते वाक्य पाठ सोडेना.

हा फेस येतो कुठून? लोणावळ्याच्या डोंगरात उगवणारी ही नदी देहूवरून आळंदीला येते. 1962 साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण असा सगळा पट्टा कारखान्यांनी भरला. कारखान्यांमागे वस्ती आली, वस्तीमागे गटारे आली. कपड्याच्या पावडरीचे पाणी, मैला, कारखान्यांचे सांडपाणी, यातले जे शुद्ध न करता सोडले जाते ते नदीत. बंधाऱ्यावरून ते पाणी खाली आदळते तेव्हा डेऱ्यात ताक घुसळावे तशी घुसळण होते आणि फेस वर येतो. पाण्यात हवा विरघळलेली असते, तिच्यावर मासा जगतो. मैला कुजताना ती हवा खाऊन टाकतो, मग मासा मरतो. धातूंचा अंश पाण्यात उतरला असेल तर तो उकळूनही जात नाही.

आता पुढचे ऐका. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याचे पाणी घेऊन मुळा-मुठा त्याच भीमेत येते. भीमा उजनी धरणात येते आणि उजनीचे पाणी पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे आपण पायी वारी करतो तशी ती घाणही वारीच करते! आळंदीला जे टाकले ते पंढरीला आपल्याआधी पोचलेले असते.

मग यंत्र म्हणजे पाप का? नाही, माउली. गोरोबांना चाक होते, नरहरी महाराजांना भट्टी होती, सेना महाराजांना वस्तरा होता. हत्यार संतांनी कधी वाईट मानले नाही. आणि आपल्या दिंडीतल्या किती घरची पोरे चाकणला कामाला आहेत? त्यांच्याच पगारातून यंदा दिंडीच्या ट्रकचे भाडे निघाले, पंगती उठल्या. त्यांना नावे ठेवून आम्ही कोणत्या तोंडाने जेवावे?

पण गोरोबाकाकांची कथा आठवा. भजनात दंग होऊन चिखल तुडवत होते, तान्हे लेकरू पायाखाली आले तरी कळले नाही. आम्हीही तुडवतोच आहोत. फरक एवढाच, गोरोबा नामात दंग होते, आम्ही सोयीत दंग आहोत. त्यांचे लेकरू पांडुरंगाने परत दिले. आमची नदी कोणत्या पुण्याईवर परत मागायची?

बोट नुसते कारखान्याकडे दाखवू नका. नीरेवर पादुकांचे स्नान झाले, आणि थोड्याच वेळात खालच्या अंगाला आपल्याच बायाबापड्या पावडर लावून कपडे धूत होत्या. विसाव्याच्या जागेवरून आपण उठलो तेव्हा मागे थर्माकोलच्या ताटल्या उडत होत्या. ज्या शेतकऱ्याने तळाला रान दिले, त्याच्या रानात आम्ही काय पेरून आलो?

जुन्या पिढीचा वारकरी पडशीत आपले ताट-तांब्या घेऊन निघायचा. शिकेकाई-रिठ्याने धुवायचा. त्याला कोणी पर्यावरण शिकवले नव्हते, गरिबीनेच शिकवले होते. आता चार पैसे आले, तर ते शहाणपण आपण होऊन धरावे लागेल.

म्हणून शताब्दीच्या या दिवशी दिंडीने चार नेम घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. नदीत साबण-पावडर लावायची नाही, बादलीत पाणी घेऊन लांब रानात कपडे धुवायचे. पंगतीला प्रत्येकाने आपले स्टीलचे ताट आणायचे. गावी गेल्यावर सांडपाणी ओढ्यात न सोडता घराजवळ शोषखड्डा करायचा. आणि चौथा नेम जरा अवघड आहे. कारखान्यात असलेल्या पोराने साहेबाला अदबीने विचारायचे, "आपलं पाणी जातं कुठं?" पाणी घाण करू नये असा कायदा 1974 पासून आहे. तो पाळला जावा म्हणून सगळ्या दिंड्यांनी मिळून सरकारदरबारी अर्ज करावा. टाळ एकट्याने वाजत नाही, दोन लागतात. तसे हे काम आहे.

तुळशीची माळ घातली की खाण्यापिण्याचा नेम आपण जन्मभर मोडत नाही. तसाच हाही नेम माळेबरोबर धरू या. पुढच्या शंभर वर्षांनी या दिंडीचे कोणी नातू-पणतू इंद्रायणीच्या पायरीवर बसतील. त्यांनी ओंजळ भरावी, आणि "नका पिऊ" म्हणायची पाळी कोणावर येऊ नये. एवढेच पांडुरंगाच्या पायी मागणे.

राम कृष्ण हरी!