समुद्राविना समुद्रपक्षी
(सांभर सरोवराच्या सहलीच्या पूर्वसंध्येस जयपूर येथे दिलेले व्याख्यान)



समुद्रपक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावरचा उंच कडा आणि लाटांवर हेलकावणारी होडी उभी राहते. जयपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि येथून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या सांभर सरोवरावर हिवाळ्यात कुरव पक्षी येतात. उद्या आपण त्यांच्याच भेटीस जाणार आहोत.

सांभर हे भारतातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर होय. मेंढा, रूपनगढ इत्यादी नद्या पावसाळ्यात येथे पाणी आणतात. त्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. सूर्याच्या उष्णतेने पाणी आटते आणि मीठ मागे राहते. या मिठासाठी इंग्रज सरकारने १८७० च्या सुमारास जयपूर व जोधपूर संस्थानांकडून हे सरोवर भाडेपट्ट्याने घेतले होते. पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व ओळखून १९९० साली त्याचा समावेश रामसर यादीत करण्यात आला.

येथे कड्याची उणीव शाकंभरी देवीच्या मंदिराची खडकाळ टेकडी भरून काढते. होडीचा मात्र फारसा उपयोग नाही, कारण पाणी बहुतेक ठिकाणी अतिशय उथळ असते. सरोवर दुभागणाऱ्या सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या बांधावरून चालत जाणे अधिक सोयीचे.

प्रथम दिसतील ते रोहित पक्षी. ते मान खाली घालून चोच उलटी धरतात, जिभेच्या हालचालीने चिखलपाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडांवरील चाळणीतून ते बाहेर सोडतात. मागे उरते ते त्यांचे अन्न. लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शैवालांवर जगतो, मोठा रोहित पाण्यातील किडे व इतर लहान जीव टिपतो. म्हणूनच हे दोघे एकाच पाण्यात सुखाने नांदू शकतात. त्यांच्या आसपास शेकाट्या, उचाट आणि थापट्या बदके आढळतील.

परंतु उद्या केवळ जिवंत पक्ष्यांचीच नोंद करू नये, अशी माझी आपणास विनंती आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये याच काठांवर अठरा हजारांहून अधिक पक्षी मृत्युमुखी पडले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण बोट्युलिझम असल्याचे निष्पन्न झाले. या रोगाचे जिवाणू चिखलात सुप्तावस्थेत असतात. प्राणवायूचा अभाव आणि कुजणारे मांस मिळाले की ते वाढतात व विष निर्माण करतात. त्या विषाने पक्ष्याचे पंख व पाय लुळे पडतात; शेवटी मानही सावरता येत नाही, आणि वीतभर पाण्यातही तो बुडून मरतो. त्याच्या शवावर अळ्या पडतात. अळ्यांना त्या विषाची बाधा होत नाही, पण त्या खाणारा दुसरा पक्षी मात्र मरतो. अशा रीतीने एक शव अनेक शवांना जन्म देते.

हे चक्र तोडण्याचा मुख्य उपाय अगदी साधा आहे: शवे त्वरित उचलून त्यांची विल्हेवाट लावणे. २०१९ मध्ये तेच करावे लागले, पण तोवर शवांची संख्या हजारांवर गेली होती. एवढ्या विस्तीर्ण सरोवराचा काठ रोज पायाखाली घालणे मोजक्या कर्मचाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुर्बीण घेऊन हिंडणारा हौशी निरीक्षक तेथे त्यांचा डोळा होऊ शकतो.

तेव्हा उद्या पंख ओढीत चालणारा अथवा मान टाकलेला पक्षी दिसला, तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. जागा, वेळ आणि पक्ष्याची जात टिपून ठेवावी आणि वनविभागास तत्काळ कळवावे. एखादा दुर्मीळ कुरव दिसल्यास आपली वही धन्य होईल. पण पहिले शव वेळेवर नजरेस आणून देणारा निरीक्षक कदाचित हजारो पक्ष्यांचे प्राण वाचवील. सूर्योदयापूर्वी निघावयाचे आहे. दुर्बिणीबरोबर वही आणि पेन्सिलही अवश्य घ्यावी.